धर्मग्रंथ आणि मागच्या तारखेची नोंद

बँकेच्या नोकरीतली माझी चार वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत गेली. तिथल्या हेडकॅशियरना सारी शाखा ‘चाचा’ म्हणे. बंडलाला नुसता अंगठा लावून नोट कमी आहे की जास्त हे सांगणारा हा माणूस. रमजानमध्ये रोजा सोडायची वेळ झाली आणि कॅश जुळली नसली, तर एक खजूर तोंडात टाकून ते पुन्हा मोजायला बसत. “आधी बँकेचा हिशेब, मग माझा,” असे वर हसून म्हणत. आम्ही दोघेही निवृत्त झालो, पण ईदचा शीरखुर्मा काही सुटला नाही. जमेल त्या वर्षी मी जातो.

यंदा गेलो तेव्हा त्यांचा नातू घरी होता. मुंबईत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाटी हातात देतादेताच त्याने एक पातळसे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. कुराणात आधुनिक विज्ञान कसे आधीच सांगून ठेवले आहे, हा त्याचा विषय. गर्भाची वाढ, विस्तारणारे विश्व, आकाशातून आलेले लोखंड, बोटांचे ठसे. “काका, तुम्ही बँकेत तपासणीचं काम केलंत. हे खरं की खोटं, सांगा.”

प्रश्न कुतूहलाचा वाटला, पण तो तेवढाच नव्हता. वर्षभर तो हे पुस्तक आणि त्यातलेच फोनवरचे व्हिडिओ मित्रांना अभिमानाने दाखवत होता. मग खोलीवरच्या एका मुलाने त्याला त्यातल्या एकेका मुद्द्याचे खंडन दाखवले. “हाडं आधी आणि मांस मागाहून, हे चुकीचं आहे म्हणतात. मग बाकीचंही...” एवढे बोलून तो थांबला. त्या न बोललेल्या अर्ध्या वाक्याने त्याची झोप उडवली होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. चाचा काही न बोलता वाटीत चमचा फिरवत होते.

मी लगेच उत्तर दिले नाही. मला अरबी येत नाही. जन्माने मी हिंदू, आणि आजच्या हवेत हिंदूने कुराणावर चार शब्द लिहायचे म्हणजे दोन्ही बाजूंचे वाचक हातात फूटपट्टी घेऊन बसतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे या बाबतीत माझेच खाते स्वच्छ नाही. कॉलेजात असताना मी वार्षिक अंकात ‘प्राचीन भारतातील विमानविद्या’ असा दणदणीत लेख लिहिला होता. ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचे दाखले दिले होते, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा घातली होती. लेखाला बक्षीसही मिळाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी १९७४ मध्येच तो ग्रंथ तपासून, तो विसाव्या शतकात रचला गेला आहे आणि त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला होता, हे मला फार उशिरा कळले. कळले तेव्हा राग त्या तज्ज्ञांचा आला. आपल्या आजोबांना कुणी खोटे ठरवले असे वाटले. म्हणून त्या मुलाची अवस्था मला परकी नव्हती.

असो. आधी हे प्रकरण कुठून सुरू झाले ते पाहू. धर्मग्रंथात विज्ञान शोधण्याची हौस इजिप्तमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगलीच फोफावली. तंतावी जौहरी या विद्वानाने सव्वीस खंडांचे कुराणभाष्य लिहून त्यात प्राणिशास्त्रापासून खगोलशास्त्रापर्यंत सारे भरले. इंग्रज, फ्रेंच राज्य करत होते, त्यांच्याकडे आगगाड्या आणि तोफा होत्या. जिंकलेल्या समाजाला ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणावेसे वाटणे अगदी माणसासारखे आहे. आपल्याकडे वेदांतून आगगाडी काढणारे याच काळातले आणि याच दुखण्याचे.

पुढे १९७६ मध्ये मॉरिस ब्युकाय या फ्रेंच डॉक्टरांचे ‘बायबल, कुराण आणि विज्ञान’ हे पुस्तक आले. हे गृहस्थ सौदी राजे फैसल यांच्या कुटुंबाचे डॉक्टर होते. बायबल विज्ञानाशी विसंगत आणि कुराण सुसंगत, असे त्यांनी मांडले. पाश्चात्य माणसाने, तेही डॉक्टरने, असे म्हणावे याचा आनंद मोठा होता. पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९८३ मध्ये कॅनडातले नामवंत गर्भशास्त्रज्ञ कीथ मूर यांच्या पाठ्यपुस्तकाची, येमेनचे अब्दुल मजीद झिंदानी यांनी घातलेल्या जोडपानांसह, एक खास आवृत्ती जेद्दाहून निघाली. पाठोपाठ सौदी अरेबियात अशा ‘वैज्ञानिक चमत्कारां’साठी आयोगच स्थापन झाला. परदेशी शास्त्रज्ञांना परिषदांना बोलावायचे, त्यांना आयत दाखवायची, ‘सातव्या शतकात हे कसे कळले असेल?’ असे विचारायचे आणि त्यांचे उत्तर चित्रफितीत टिपायचे. २००२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने यांतल्या काहींना गाठले, तेव्हा आपण सापळ्यात सापडलो, आपल्या बोलण्याचा वापर भलताच झाला, असे काहींनी बोलून दाखवले.

पण सांगणाऱ्याचा हेतू कसा होता यावरून सांगितलेले खरे की खोटे हे ठरत नाही. बँकेत कर्जदार आवडतो म्हणून कागद पास करत नाहीत आणि आवडत नाही म्हणून फेटाळतही नाहीत. कागद पाहायचा असतो. तेव्हा कागदच पाहू.

पहिली नोंद गर्भाची. तेविसाव्या सूरेत माणसाच्या घडणीचे टप्पे येतात: थेंब, मग ‘अलका’, मग चावलेल्या घासासारखा गोळा, मग हाडे आणि मग हाडांवर चढवलेले मांस. ‘अलका’चा अर्थ जुने भाष्यकार रक्ताची गाठ असा करत. आता जळू किंवा चिकटून राहणारी वस्तू असा केला जातो. धातूतून हे अर्थ निघू शकतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण शब्दाला चार अर्थ असतील आणि सूक्ष्मदर्शकात काय दिसते हे कळल्यावर आपण त्यातला सोयीचा उचलला, तर शब्दाने काही सांगितले असे होत नाही. सांगितले सूक्ष्मदर्शकाने, आपण ते शब्दाच्या नावावर जमा केले.

शिवाय, गर्भ टप्प्याटप्प्याने वाढतो हे ग्रीक वैद्य गॅलेन यांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच लिहिले होते. हाडांवर मांस चढते असेच तेही म्हणतात. सहाव्या शतकात गॅलेनच्या ग्रंथांची सिरियाक भाषेत भाषांतरे झाली होती, म्हणजे हे ज्ञान त्या टापूत फिरत होते. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मी म्हणणार नाही, त्याला पुरावा लागेल. मुद्दा एवढाच, की जे त्या काळी माणसांना ठाऊक होते, ते ठाऊक असण्याला चमत्कार लागत नाही. आणि आजचे गर्भशास्त्र विचाराल तर हाडांची कूर्चेची आकृती आणि स्नायू जवळजवळ बरोबरीने घडत जातात. खरे हाड होण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि जन्मानंतरही कित्येक वर्षे चालते. खोलीवरच्या मुलाचे म्हणणे, तेवढ्यापुरते, बरोबर होते.

दुसरी नोंद लोखंडाची. सत्तावन्नाव्या सूरेत ‘आम्ही लोखंड उतरवले’ असे आहे. लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होते, पृथ्वीवर बाहेरून आले, हे यात सांगितले आहे असा दावा. पण हेच ‘उतरवणे’ कुराणात इतरत्र गुराढोरांच्या आठ जोडीदारांबद्दल येते आणि माणसाच्या वस्त्रांबद्दलही येते. गाई आणि कापड आकाशातून पडले असे कोणी म्हणत नाही. तिथे ‘उतरवले’ म्हणजे ‘कृपेने दिले’. मग लोखंडापाशीच त्याचा अर्थ खगोलशास्त्रीय का व्हावा? जमेची बाजू लिहायची आणि नावेची गाळायची, असा ताळेबंद कोणता ऑडिटर सही करून देईल? हाच प्रकार सूर्य चिखलाच्या झऱ्यात मावळताना दिसला या वर्णनाचा. ते पाहणाऱ्याला तसे दिसले, असे राझींसारखे जुने भाष्यकार आठशे वर्षांपूर्वीच सांगून गेले आहेत. अगदी समंजस अर्थ आहे. पण मग हाच समंजसपणा बाकीच्या आयतांनाही लावावा लागेल.

तिसरी नोंद विस्तारणाऱ्या विश्वाची. एक्कावन्नाव्या सूरेतल्या आयतीचा अर्थ ‘आम्ही आकाश सामर्थ्याने उभारले आणि आम्ही विशाल सामर्थ्याचे आहोत’ अशा धर्तीवर पूर्वी केला जाई. १९२९ मध्ये हबल यांनी दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असल्याचे दाखवले, आणि मग त्या आयतीत विश्व पसरू लागले. इथे मला माझा जुना धंदा आठवतो. चेकवर मागची तारीख टाकता येते, पण व्हाउचर रजिस्टरला कुठल्या दिवशी चढले ते लपत नाही. या साऱ्या नोंदींचे दुर्दैव हे, की त्या शोध लागल्यानंतर चढलेल्या आहेत. आयत तेराशे वर्षे लाखो लोकांना तोंडपाठ होती. त्यांत अरबी ज्यांची मातृभाषा असे जगातले उत्तमोत्तम खगोलज्ञ होते. त्यांपैकी कोणीही तिच्यावरून ‘विश्व पसरते आहे’ असे आधी सांगितले नाही. हबलनंतर मात्र सगळ्यांना दिसू लागले.

चौथी नोंद माझ्या जिव्हाळ्याची. पंचाहत्तराव्या सूरेत म्हटले आहे की, मेलेल्याची हाडे आम्ही गोळा करू शकणार नाही असे माणसाला वाटते काय? त्याच्या बोटांची टोकेही आम्ही नीट जुळवू. यात बोटांच्या ठशांचे शास्त्र आहे म्हणतात. आमच्या त्या शाखेत निम्मे खातेदार अंगठेबहाद्दर. चाचांनी आणि मी मिळून हजारो अंगठे घेतले असतील. हे शास्त्र उभे राहिले ते मात्र आपल्या बंगालमध्ये. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. लाखो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, हा खरा प्रश्न होता. ते वर्गीकरण बसवण्यात दोन हिंदी माणसांचा मोठा वाटा होता: काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक यांनी गणित मांडून ठसे १०२४ खणांत विभागले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे इंग्रज साहेब एडवर्ड हेन्री यांचे लागले. एका मुसलमान माणसाच्या बुद्धीचा हा खराखुरा पराक्रम. पण त्या पातळ पुस्तकात हक यांचे नाव नव्हते. आयतीला जो शोध चिकटवला, त्याच्यामागे राबलेला त्यांचाच माणूस त्यांना ठाऊक नव्हता. मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते याचे.

हे आक्षेप परक्यांनीच घेतले असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. चौदाव्या शतकातला अंदलुसियाचा धर्मशास्त्री शातिबी म्हणतो की, कुराण ज्या साध्या लोकांसाठी आले त्यांना कळेल तोच त्याचा अर्थ, त्यात साऱ्या विद्या शोधू नयेत. अकराव्या शतकातल्या गझालींनी तर बजावले आहे, की ग्रहणाचे गणित सिद्ध झालेले आहे आणि धर्माच्या नावाखाली त्याच्याशी भांडणारा धर्माचेच नुकसान करतो. विसाव्या शतकात इजिप्तचे अमीन अल-खूली आणि त्यांच्या पत्नी, ‘बिन्त अश-शाती’ या नावाने लिहिणाऱ्या आयशा अब्दुर्रहमान, यांनी या वैज्ञानिक भाष्यांवर कडक टीका केली. पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ परवेझ हुडभॉय यांनी १९९१ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिले, आणि अल्जीरियाचे खगोलभौतिकज्ञ निधाल गेसूम आजही या दाव्यांची चिरफाड करतात. यांतले कित्येक श्रद्धावान. त्यांना भीती वाटते ती श्रद्धेची.

ही भीती कशी खरी आहे ते एका ख्रिस्ती धर्मगुरूने दाखवले. विश्व पसरते आहे हे १९२७ मध्येच मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी भाषणात या सिद्धांताचा संबंध बायबलमधल्या सृष्टीच्या निर्मितीशी जोडला. लमेत्र खूश व्हायला हवे होते, पण ते अस्वस्थ झाले. सिद्धांत उद्या बदलला तर काय करणार? धर्म त्याला बांधू नका, असा त्यांचा आग्रह होता.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर अल्-बिरूनींनीच नोंदवून ठेवले आहे. हा थोर मुसलमान विद्वान अकराव्या शतकात संस्कृत शिकला आणि त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या ब्रह्मगुप्ताला खडे बोल सुनावले आहेत. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, म्हणजे पैगंबर हयात असताना, आपला सिद्धांतग्रंथ रचला. ग्रहण पृथ्वीच्या आणि चंद्राच्या सावल्यांचे, हे त्याला पुरते ठाऊक होते, त्याचे गणित तो स्वतः मांडतो. तरीही राहूची कथा नाकारणाऱ्यांना तो वेद-स्मृतींचा हवाला देऊन दटावतो. एवढा मोठा गणिती जाणूनबुजून पुरोहितांच्या बाजूला का गेला, याचे बिरूनींना दुःख झाले होते. हजार वर्षांपूर्वी एका मुसलमानाने हिंदू शास्त्रज्ञाला सांगितलेली गोष्ट आज दोघांच्याही वंशजांना पुन्हा सांगावी लागते आहे. २०१५ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा मला माझे कॉलेजातले बक्षीस आठवून ओशाळल्यासारखे झाले होते.

मग त्या आयतींत काही नाहीच का? असे कोण म्हणेल? समर्थांचा दासबोध उघडा. तिसऱ्या दशकाच्या आरंभी जन्माच्या दुःखाचे वर्णन आहे, गर्भवासाचे आहे. ते वाचून कोणी प्रसूतिशास्त्र शिकत नाही. माणसाचा ताठा उतरावा म्हणून ते सांगितले आहे. कुराणातला थेंबही त्याचसाठी आहे. कुठून आलास ते आठव आणि मग छाती काढून चाल, एवढे तो सांगतो. विनोबांनी कुराणाचा अभ्यास करून ‘कुराण-सार’ काढले, तेव्हा त्यांनी वेचले ते भक्ती आणि नीती सांगणारे.

धर्म आणि विज्ञान यांचा खरा संबंध आला तोही वेगळ्याच वाटेने. नमाजाच्या वेळा हव्यात, मक्केची दिशा हवी, म्हणून मशिदींतून वेळ पाहणारे गणिती नेमले गेले. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात हे काम करणाऱ्या इब्न अल-शातिरने चंद्राच्या गतीचा जो आराखडा बसवला, तोच दीडशेहून अधिक वर्षांनी कोपर्निकसच्या ग्रंथात दिसतो. इब्न अल-हैथमने प्रकाशाचा अभ्यास प्रयोग करून केला, इब्न अल-नफीसने तेराव्या शतकात हृदयातून फुप्फुसाकडे जाणारे रक्त ओळखले. सारे कुराण जाणणारे. पण उत्तर त्यांनी आयतीत शोधले नाही, आकाशात, आरशात आणि शरीरात शोधले.

अब्दुस सलाम यांना १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कुराणात सुमारे साडेसातशे आयती निसर्गाकडे पाहा, विचार करा असे सांगतात, हे ते नेहमी अभिमानाने सांगत. ज्या सिद्धांतासाठी पारितोषिक मिळाले, तोच सिद्धांत स्टीव्हन वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडला होता. वाइनबर्ग पक्के नास्तिक. हुडभॉय यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सलाम यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे, की एक श्रद्धावान आणि एक नास्तिक हजारो मैलांवर बसून एकाच सिद्धांताला पोहोचले.

हे सारे मी त्या दुपारी एवढ्या तपशिलाने अर्थातच सांगितले नाही. मुलाला म्हटले, “पुस्तकातले चारही दावे माझ्या तपासणीत टिकत नाहीत. पण ते दावे कुराणाचे नाहीत, पुस्तक लिहिणाऱ्याचे आहेत. चेक परत गेला तर ज्याची सही त्याच्याकडे जायचं.” तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने आजोबांकडे पाहिले. “नाना, तुम्हाला काय वाटतं?”

चाचांनी वाटी खाली ठेवली. “मी सत्तर वर्षं नमाज पढतोय,” ते म्हणाले. “लोखंड कुठून आलं ते मला कोणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस ते बरं केलंस. पण परीक्षेत नापास झालास तर पुस्तक बदलतोस, बापाला नाही बदलत.”

मग्रीबची वेळ होत आली होती. नातवाच्या फोनवर वेळ सेकंदापर्यंत दिसत होती. चाचांनी ती विचारून घेतली, तरी सवयीने अंगणात जाऊन खाडीपलीकडे सूर्य बुडाला का ते डोळ्यांनी पाहिले आणि मग हातपाय धुवायला गेले. मुलगा त्यांच्या मागोमाग गेला. पुस्तक माझ्यापाशीच राहिले होते. निघताना मी ते त्याला परत दिले आणि मागच्या कोऱ्या पानावर दोन नावे लिहून दिली: काझी अझिझुल हक आणि इब्न अल-शातिर. म्हटले, सुटी संपायच्या आत यांच्याबद्दल काय सापडते ते पाहा, आणि मला कळव.